आईवडील आत कसे आले? जन्मजात हृदयदोष, रुग्णालय आणि एक बंद दार

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे टूडी इकोच्या रिपोर्टवर लिहून येते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. पुढचे काही दिवस धावपळीत जातात. मोठ्या शहरातले रुग्णालय शोधायचे, योजनेची कागदपत्रे जमवायची, रक्ताची सोय करायची. मग बाळ अतिदक्षता विभागात जाते आणि आईवडील काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसतात. मी फिजिशियन आहे, हृदयाच्या शस्त्रक्रिया करत नाही. पण ओळखीतल्या कुटुंबांचे फोन मला अशा वेळी येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, सगळे मशीनच करते आहे. आम्ही आत जाऊन काय करणार? उलट आमच्यामुळे इन्फेक्शन झाले तर?"

प्रश्न रास्त आहे. एके काळी मोठमोठे डॉक्टरही असेच म्हणत होते. आईवडिलांना वॉर्डाबाहेर ठेवणे हाच नियम होता, आणि तो बदलायला अनेक वर्षे लागली. बाळांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आणि आईवडील वॉर्डात येण्याचा इतिहास जवळजवळ एकाच काळात घडला. ही हकिगत समजून घेतली, तर बाकावर बसलेल्या आईवडिलांना स्वतःचे काम काय आहे ते नीट कळेल.

निळी बाळे

दर हजार जन्मांमागे साधारण 8 ते 9 बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. काही छिद्रे लहान असतात आणि आपोआप बुजतात. काही दोषांत फुफ्फुसांकडे जास्त रक्त जाते, बाळाला धाप लागते, दूध पिताना घाम येतो, वजन वाढत नाही. आणखी काही दोषांत फुफ्फुसांकडे रक्त कमी जाते किंवा अशुद्ध रक्त थेट शरीरात मिसळते. अशा बाळाचे ओठ, जीभ, नखे निळी दिसतात. फॅलोट्स टेट्रालॉजी हा यातला सर्वात ओळखीचा दोष.

1930 च्या दशकापर्यंत अशा बाळांसाठी करण्यासारखे फारसे काही नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग 1930 पासून लहान मुलांचे हृदयरोग पाहत असत. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून मुलांच्या छातीवर हात ठेवून त्या बोटांनी हृदयाचे कंप तपासत. निळ्या बाळांच्या बाबतीत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गर्भात प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक जोडनलिका असते आणि ती जन्मानंतर बंद होते. ज्या निळ्या बाळांची ही नलिका काही काळ उघडी राहते ती बरी असतात, आणि ती मिटू लागली की बाळ खालावते. मग अशी नलिका मुद्दाम तयार करता आली तर?

1938 साली बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली अशी नलिका यशस्वीपणे बांधून बंद केली होती. टॉसिग यांनी त्यांना उलटे काम करण्याची विनंती केली. ग्रॉस यांनी रस दाखवला नाही. पुढे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्समध्ये आले आणि त्यांनी हे काम मनावर घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. वैद्यकीय पदवी नाही, पण हात अत्यंत कुशल. कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया बसवण्याचे बहुतांश काम थॉमस यांनी केले.

29 नोव्हेंबर 1944 रोजी आयलीन नावाच्या 15 महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन तेव्हा सुमारे 4 किलो होते. आपल्याकडे दोन-अडीच महिन्यांच्या बाळाचे असते, जवळपास तेवढेच. हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडायची, असा तो बेत. थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. आयलीन शस्त्रक्रियेतून वाचली, तिचा निळेपणा कमी झाला. काही महिन्यांनी तब्येत पुन्हा खालावली आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली. पण मार्ग सापडला होता. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. रक्तप्रवाह सुरू होताच त्याचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. 1945 साली या तीन रुग्णांचा अहवाल छापून आला आणि दूरदूरचे आईवडील आपापली निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. त्या अहवालात थॉमस यांचे नाव नव्हते. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती 1976 साली.

वडील झाले मशीन

ही शस्त्रक्रिया हृदयाच्या बाहेरून केलेली होती. हृदयाच्या आतले छिद्र बुजवायचे तर हृदय उघडायला हवे, आणि तेवढा वेळ शरीराला शुद्ध रक्त पुरवायला दुसरे काही तरी हवे. 1953 साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी स्वतः तयार केलेले हार्ट-लंग मशीन वापरून एका 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र बंद केले. पण पुढच्या रुग्णांत त्यांना यश मिळाले नाही. लहान मुलांसाठी तर ते यंत्र अजून भरवशाचे नव्हते.

मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळाच विचार केला. गर्भातल्या बाळाला आईच शुद्ध रक्त पुरवते. मग शस्त्रक्रियेच्या वेळी आईने किंवा वडिलांनी हेच काम केले तर?

26 मार्च 1954 रोजी मिनीयापोलिसमध्ये 13 महिन्यांच्या मुलाला टेबलावर घेतले. त्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र होते. शेजारच्या टेबलावर त्याच्या वडिलांना भूल दिली. दोघांचा रक्तगट जुळत होता. मुलाचे अशुद्ध रक्त नळीतून वडिलांच्या मांडीच्या शिरेत जाई, वडिलांच्या फुफ्फुसांत शुद्ध होई आणि वडिलांच्या धमनीतून पुन्हा मुलाकडे येई. मध्ये एक साधा पंप होता. तेवढ्या वेळात लिलेहाय यांनी मुलाचे हृदय उघडून छिद्र शिवले.

छिद्र बंद झाले, मूल जागे झाले. पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले. तरीही पुढचे आईवडील थांबले नाहीत. 1955 च्या मध्यापर्यंत या पद्धतीने 45 रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतले 28 जण बरे होऊन घरी गेले. एकाच शस्त्रक्रियेत दोन माणसे दगावू शकतात, अशी टीका तेव्हा होत होती आणि ती खोटी नव्हती. एकही दाता दगावला नाही, पण एका आईच्या मेंदूला कायमची इजा झाली. 1955 नंतर यंत्रे सुधारली आणि आईवडिलांना शेजारच्या टेबलावर झोपण्याची गरज उरली नाही.

हे मी सविस्तर सांगितले, कारण त्याच काळातली दुसरी गोष्ट यासमोर ठेवून पाहायला हवी. बाळासाठी स्वतःचे रक्त, फुफ्फुसे आणि जीवही पणाला लावायला आईवडील तयार होते. पण त्या काळी वॉर्डात मात्र त्यांच्याकडे भेटायला आलेले पाहुणे म्हणूनच पाहिले जाई.

दार बंद का होते

1949 साली लंडनमधल्या रुग्णालयांत मुलांना भेटण्याच्या वेळा काय आहेत, याची एक पाहणी छापून आली. काही ठिकाणी फक्त रविवारी दुपारी एक-दोन तास भेट. एका ठिकाणी पहिला महिनाभर भेटच नाही. संध्याकाळी झोपलेले मूल लांबून पाहायचे. दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांनी फक्त आडोशाच्या काचेतून पाहायचे.

यामागे दुष्टपणा नव्हता. दोन कारणे होती. पहिले कारण संसर्गाचे. प्रतिजैविके येण्यापूर्वी गोवर, घटसर्प, स्कार्लेट फीवर असे आजार वॉर्डात शिरले की एकामागून एक मुले जात. बाहेरचा माणूस म्हणजे रोगाचा धोका, हा धडा डॉक्टरांनी फार मोठी किंमत मोजून शिकला होता. दुसरे कारण सिस्टरांच्या रोजच्या अनुभवाचे. आई भेटून गेली की मूल आकांत करते, जेवत नाही. आई आलीच नाही तर चार दिवसांत ते शांत होते, 'रुळते'. मग भेट न दिलेलीच बरी, असे सगळ्यांना मनापासून वाटे.

दोन्ही कारणांना छेद देणारा पुरावा तेव्हाही होता. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स 1920 च्या दशकापासून आजारी तान्ह्या बाळांबरोबर आईलाही दाखल करून घेत होते. न्यूझीलंडमध्ये पिकरिल दांपत्य फाटलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रिया करत असे. तिथे बाळाची सगळी शुश्रूषा त्याची आईच करी. त्यांचा तर्क सरळ होता: एकच परिचारिका दहा बाळांना हाताळते तेव्हा जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात, आई मात्र फक्त आपल्याच बाळाला हात लावते. त्यांच्याकडे अशा संसर्गाचा त्रास झाला नाही आणि हे त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलेही. म्हणजे 'आईमुळे इन्फेक्शन होईल' या भीतीचे उत्तर तेव्हाच मिळाले होते: स्वच्छ हातांची आई धोका कमी करते.

एका कॅमेऱ्याने केलेले काम

जेम्स रॉबर्टसन हे स्कॉटिश समाजसेवक 1948 पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये डॉ. जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करत होते. रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करणे हे त्यांचे काम. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल रडून, ओरडून विरोध करते. मग ते निराश होऊन गप्प पडते. शेवटी ते अलिप्त होते: खेळते, हसते, पण आई आली तर तिच्याकडे फारसे पाहत नाही. सिस्टर ज्याला 'रुळणे' म्हणत, तो हा तिसरा टप्पा. मुलाने आशा सोडलेली असे.

हे डॉक्टरांना पटेना. म्हणून रॉबर्टसन यांनी साधा हातातला कॅमेरा घेतला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दाखल झालेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचे त्यांनी चित्रण केले. सोयीचे तेवढेच निवडले असा आरोप होऊ नये म्हणून ते रोज ठरावीक वेळी चित्रण करत आणि भिंतीवरचे घड्याळही चित्रात घेत. ती मुलगी फारशी रडणारी नव्हती. स्वतःला आवरून धरणाऱ्या त्या लहानशा चेहऱ्यावर दिवसेंदिवस काय होत गेले, ते चित्रपटात दिसते. 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' हा चित्रपट 1952 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. हळूहळू त्यांतल्याच काहींना आपल्या वॉर्डातली मुले वेगळी दिसू लागली.

1959 साली सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नसावे आणि पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर आईच्या राहण्याची सोय व्हावी, अशा शिफारशी त्यात होत्या. सरकारने त्या मान्य केल्या, पण वॉर्डातले नियम बदलेनात. मग 1961 साली लंडनमधल्या काही आया एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना काढली. रुग्णालयांना पत्रे लिहिणे, पाहणी करणे, कुठे भेट मिळते आणि कुठे नाही ते जाहीर करणे, असा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला. दार उघडले ते असे.

एका आईने विचारलेला प्रश्न

1970 च्या दशकात नवजात बाळांची अतिदक्षता सुधारली. प्रोस्टाग्लँडिन या औषधाने ती जोडनलिका काही दिवस उघडी ठेवता येऊ लागली. टॉसिग यांना जे शस्त्रक्रियेने साधायचे होते, ते आता सलाईनमधून तात्पुरते साधू लागले. जन्मल्यानंतर पहिल्याच आठवड्यांत हृदयाची मोठी शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. ही फार मोठी प्रगती. पण त्यामुळे जी बाळे पूर्वी महिनोन्महिने आईच्या कुशीत असत, ती आता जन्मतःच काचेच्या पेटीत गेली. अतिदक्षता विभागाचे दार पुन्हा बंद झाले.

त्या बंद दारामागे एक गोष्ट चालत होती आणि बाहेर ती ठाऊक नव्हती. नवजात बाळाच्या मज्जातंतूंची वाढ अपुरी असते, त्यामुळे त्याला आपल्यासारखे दुखत नाही, असा समज होता. शिवाय पूर्ण भूल त्या नाजूक जिवाला झेपणार नाही, ही भीती. म्हणून अनेक ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेत अगदी हलकी भूल दिली जाई, आणि कधी कधी फक्त स्नायू सैल करणारे औषध. त्या औषधाने बाळ हलू शकत नाही. वेदना मात्र थांबत नाही.

1985 साली अमेरिकेत मुदतीच्या फार आधी जन्मलेल्या एका बाळाची ती उघडी राहिलेली नलिका शस्त्रक्रियेने बांधली. काही आठवड्यांनी बाळ गेले. त्यानंतर आईने चौकशी केली, तेव्हा बाळाला भूल दिलीच नव्हती, फक्त स्नायू सैल करणारे औषध दिले होते, हे तिला कळले. अशीच पद्धत आहे, असे तिला सांगितले गेले. ती गप्प बसली नाही. वैद्यकीय नियतकालिकांना आणि वर्तमानपत्रांना तिने पत्रे लिहिली.

योगायोगाने त्याच सुमारास इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद याच प्रश्नावर संशोधन करत होते. हीच नलिका बांधण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना त्यांनी नेहमीची हलकी भूल दिली आणि काहींना तिच्याबरोबर फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके खूप जास्त वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. 1987 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही योग्य भूल दिली पाहिजे, असे जाहीर केले. 1992 साली आनंद आणि हिकी यांचा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या 45 नवजात बाळांचा अभ्यास आला. वेदना अधिक चांगल्या रीतीने रोखलेल्या 30 बाळांपैकी एकही दगावले नाही. दुसऱ्या गटातल्या 15 पैकी 4 दगावली.

आज आपल्याकडेही बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊनच होते. 'माझ्या बाळाला दुखते आहे का?' हा प्रश्न विचारण्याची आता चोरी नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडचे दार

आपल्या सरकारी रुग्णालयांच्या मुलांच्या वॉर्डात आई बहुधा मुलाजवळच असते. त्याच खाटेवर नाहीतर खाली सतरंजी टाकून ती झोपते. सिस्टर कमी, मुले जास्त, त्यामुळे आईवाचून चालतच नाही. इंग्लंडला ज्यासाठी समिती नेमावी लागली, ते आपल्याकडे गरजेपोटी आधीपासून होते. पण नवजात अतिदक्षता विभाग आले तेव्हा आपणही काचेचे दार लावून घेतले.

ते उघडण्याची सुरुवातही टंचाईतूनच झाली. 1978 साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात इन्क्युबेटर पुरत नव्हते. तेव्हा कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला त्यांनी सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनीही ती तपासून पाहिली. 2008 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा बाळांचे वजन चांगले वाढले आणि ती थंड पडण्याचे प्रमाण कमी झाले. 2021 साली भारत आणि आफ्रिकेतील चार देशांतल्या तीन हजारांहून अधिक कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच आईजवळ ठेवलेल्या बाळांमधले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. ही बाळे मुख्यतः कमी वजनाची होती, हृदयदोषाची नव्हती. पण आईला अतिदक्षता विभागात आत घेता येते आणि त्याने धोका वाढत नाही, हे त्यातून दिसले.

दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सहभागी करून घेण्याचा प्रयोग झाला. पुढे 2017 साली केंद्र सरकारने सरकारी नवजात विभागांसाठी 'कुटुंबाच्या सहभागाने शुश्रूषा' अशी मार्गदर्शिकाच काढली. आईच्या दुधाचे महत्त्व तर मुंबईने आधीच दाखवले होते. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी 1989 साली शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

2013 साली पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळांमध्ये होणाऱ्या तपासणीत जन्मजात हृदयदोषही शोधला जातो आणि पुढील उपचारांची सोय होते. खर्चाच्या चिंतेने बाळाला घरी नेण्याआधी या कार्यक्रमाची आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा.

तुम्ही आत जाऊन काय कराल?

आता बाकावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर. प्रत्येक रुग्णालयाचे नियम आणि प्रत्येक बाळाची स्थिती वेगळी असते, म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट तिथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारूनच करा.

हात धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत धुवा. सर्दी, खोकला, जुलाब असतील तर त्या दिवशी आत जाऊ नका. आईमुळे होणाऱ्या संसर्गाच्या भीतीवरचा उपाय एवढाच आहे.

स्थिर हात ठेवा. आजारी नवजात बाळाला कुरवाळणे, थोपटणे कधी कधी सहन होत नाही. एक हात डोक्याशी आणि एक पायांशी, न हलवता, हलकेच ठेवा. सुई टोचताना किंवा नळी बदलताना असा हात ठेवू का, असे विचारा.

बोला. बाळाला तुमचा आवाज गर्भापासून ओळखीचा आहे. हळू आवाजात बोला, अंगाई म्हणा. वडिलांनीही.

दूध काढत राहा. बाळ तोंडाने पीत नसले तरी दर दोन-तीन तासांनी, दिवसातून साधारण आठ वेळा दूध काढले तर ते टिकते. ते नळीने देता येते का, साठवायचे कसे, हे सिस्टर सांगतील.

छातीशी घेण्याबद्दल विचारा. नळ्या आणि व्हेंटिलेटर असेपर्यंत कदाचित नाही म्हणतील. 'मग कधी?' हे विचारून ठेवा.

वही ठेवा. दोषाचे नाव, डॉक्टरांनी काढून दाखवलेली हृदयाची आकृती, औषधे, वजन, पुढची शस्त्रक्रिया आहे का, असल्यास केव्हा. वेदनेसाठी काय देता आहात, हेही विचारून लिहा. बाळाचे रोजचे रूप तुम्हाला सर्वात चांगले ठाऊक असते. 'आज ते वेगळे वाटते' असे वाटले तर सिस्टरांना लगेच सांगा.

पाळी लावा. एक जण बाळाजवळ, एक जण जेवायला आणि झोपायला. मोठे भावंड घरी असेल तर त्यालाही खरे ते सोप्या शब्दांत सांगा. आईचे रडणे, झोप न लागणे, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून जास्त राहिले तर तिच्यासाठीही डॉक्टर हवेत.

आणि दोष देऊ नका. ग्रहणात काही चिरले म्हणून, नजर लागली म्हणून, सुनेने जड उचलले म्हणून हृदयाला छिद्र पडत नाही. बाळाचे हृदय गर्भारपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच आकाराला येते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचे जेमतेम कळलेले असते. गरोदरपणातला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधे आणि जनुकीय दोष ही माहीत असलेली कारणे आहेत. पण बहुतेक बाळांत एकच एक कारण सापडत नाही. घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः आजीने, हे एकदा सर्वांसमोर बोलून दाखवले तर त्या आईचा अर्धा भार उतरतो.

घरी गेल्यावर बाळ दूध पिताना थकत असेल, घामाघूम होत असेल, श्वास जोरात चालत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ-जीभ निळी दिसत असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फॅलोट्स टेट्रालॉजीचे बाळ अचानक फार निळे पडून तळमळू लागले, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, त्याला शांत करा आणि लगेच रुग्णालय गाठा. हे कसे करायचे, ते डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, आणि घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला शिकवा.